डॅम्पर नंतर, आधी कोनसेट पाहा

परवा पुतण्याचा फोन आला, "काका, बुलेटले स्टिअरिंग डॅम्पर बसवून घेऊ का, हायवेले हँडल लय हालते." त्याला सांगून झालं पण डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितो, जुन्या गाड्यावाले बरेच जण सध्या हेच विचारून राहिले.

राजेहो, हँडल कशानं हालतं ते सापडल्याशिवाय जुन्या गाडीला हायड्रॉलिक डॅम्पर, म्हणजे हँडलचे झटके अडवणारा तेलाचा दांडा, बसवू नका. मी बसवून बसलोय म्हणून सांगतो.

माझ्याकडे बाबांची १९७४ ची बुलेट आहे. तीन वर्षांआधी हिंगणघाटवरून वडनेरकडे येत होतो, मागं कॅरिअरवर सोयाबीन बियाण्याच्या दोन बॅगा, स्पीड ७० च्या आसपास, ट्रकच्या आडून बाहेर निघालो अन् वाऱ्याचा झोत लागला तसं हँडल असं थरथरायला लागलं की हात कोपरापर्यंत बधिर. ब्रेक मारला नाही, अॅक्सिलेटर हळूहळू सोडला, अंग टाकीवर झुकवलं, म्हणून वाचलो. मागं ओझं असलं की पुढचं चाक हलकं पडतं, आधीच काही ढिलं असलं तर ते अशा वेळी उघडं पडतं.

घाबरून एका दुकानात गेलो, त्यांनी नव्या स्पोर्ट्स बाईकचा डॅम्पर फ्रेमला क्लॅम्प वेल्ड करून लावून दिला. थरथर गेली, मी खूश. पावसाळा लागला अन् आमच्या पांदणीत बंडीच्या चाकोरीत चाक फसलं. तिथं हँडल झटक्यात इकडंतिकडं मारावं लागतं, अन् हा डॅम्पर असा की जितकं जोरात फिरवाल तितका जास्त अडवतो. वरून क्लॅम्प चुकीच्या जागी, हँडल पूर्ण वळायच्या आधीच त्याचा दांडा संपायचा. पडलो काळ्या चिखलात, पोटरीवर सायलेन्सर टेकला, डाग अजून आहे.

मग गावातल्या मिस्त्रीनं गाडी स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकूड टेकवून पुढचं चाक अधांतरी केलं, डॅम्पर सोडवला अन् म्हणाला, "भाऊ, आता एका बोटानं फिरवून पाहा." हँडल सरळ मधात आलं की टक् करून बसायचं, जसं कोणी खाच पाडून ठेवली. कोनसेट, म्हणजे हँडल ज्या छर्र्यांच्या बेअरिंगवर फिरतं तो, खोलला तर वाटीत छर्र्यांच्या जागी बारीक खड्डे, नख फिरवलं की एकेक लागत होता. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुशात प्ले, पुढचे तीन-चार स्पोक ढिले. म्हणजे गाडी मला सांगत होती अन् मी डॅम्पर लावून तिचं तोंड बंद केलं होतं! कोनसेट बदलला, बुश टाकले, स्पोक ताणून चाक सरळ केलं, टायर नवा घेतला, डॅम्पर काढला तो कायमचा. पुढच्या खरिपात त्याच रस्त्यानं तितकंच बियाणं आणलं, हँडल शांत.

अन् अजून एक, कधी हँडल नाही तर सगळी गाडीच सापासारखी वळवळते. तिथं डॅम्पर आवळला तर वळवळ उलट वाढू शकते, कारण त्याचं मूळ बहुतेक मागच्या चाकात, चिमट्यात नाहीतर ओझ्यात असतं.

डॅम्पर वाईट असं माझं म्हणणं नाही. रेसच्या गाडीला लागतो, कावासाकीच्या १९७२ च्या एच टू ७५० ला तर कंपनीनंच दिला होता. आपल्या जुन्या बुलेटलाही हँडलच्या मधात गोल नॉब आहे ना, तोही डॅम्परच! त्याची दांडी स्टेमातून, म्हणजे हँडलच्या मधल्या उभ्या नळीतून, खाली जाते, खाली चकत्या एकमेकीवर घासतात, नॉब आवळला की हँडल जड. साइडकारच्या गाडीला तो फार कामाचा, हळू चालताना हँडल लटपटत नाही. पण एकट्या गाडीला आवळून ठेवला तर बारीक तोल सांभाळता येत नाही अन् गाडी रस्ताभर फिरते. बाबा तो नेहमी ढिलाच ठेवत, फक्त गिट्टीच्या रस्त्यावर अर्धा फेरा आवळत. लहानपणी मला वाटायचं बाबा काहीतरी गुपित करतात.

पुतण्याला रविवारी गाडी घेऊन बोलावलंय, आधी चाक उचलून एका बोटाची परीक्षा. तोपर्यंत त्याला मागं ओझं बांधू नको अन् ५० च्या वर जाऊ नको म्हटलंय.

माझ्या नॉबच्या खालची फायबरची चकती पार झिजली आहे, कोणाकडे जुन्या बुलेटची ओरिजिनल पडून असली तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.