सांगितलेल्या लाइनवरून जा, नाहीतर साफ नकार द्या

काल रात्री सर्व्हरवर एक मोठा बॅकअप दुसऱ्या ब्रॉडबँडवरून उतरवायचा होता, कारण रात्रपाळीच्या सहकाऱ्यांच्या कॉलसाठी पहिली लाइन मोकळी ठेवणे भाग होते. फाइल उतरवणाऱ्या डब्ल्यूगेट या प्रोग्रामला ‘बाइंड-अॅड्रेस’ या, कोणत्या पत्त्यावरून जोडणी करायची ते सांगणाऱ्या पर्यायात दुसऱ्या लाइनच्या नेटवर्क कार्डाचा आयपी पत्ता व्यवस्थित दिला, तरी ‘कनेक्टिंग टू’च्या पुढे काही सरकेना. बराच वेळ नुसती शांतता, मग टाइमआउट, मग पुन्हा प्रयत्न आणि पुन्हा तीच ओळ. न सांगता 20 वेळा प्रयत्न करण्याइतका चिकाटीचा हा प्रोग्राम, पण गाडे नेमके कुठे अडले आहे याचा एका शब्दानेही पत्ता लागू देत नाही. अखेर पहिल्या कार्डावर येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारा टीसीपीडम्प लावला, तेव्हा सोर्स अॅड्रेस, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, दुसऱ्या लाइनचा असलेली, जोडणी मागणारी सिन पॅकेट्स एकामागून एक पहिल्याच लाइनवरून बाहेर पडताना दिसली. त्यांना उत्तर येणार तरी कसे?

पॅकेट कोणत्या लाइनवरून जाणार ती वाट सिस्टमचे राउटिंग टेबल ठरवते, प्रोग्राम नव्हे, हे उत्तर मला तोंडपाठ आहे आणि ते मला कृपया पुन्हा कोणी ऐकवू नये. मशीनला अनेक आयपी असतील तर हा पर्याय उपयोगी पडेल, असे मॅन्युअल मोठ्या तोंडाने सांगते. पत्ता बांधला म्हणून वाट बदलत नाही, एवढे एक वाक्य पुढे लिहायला कोणाचे काय जात होते?

फाइल उतरवणारा दुसरा प्रोग्राम, कर्ल, निदान कार्डाचे नाव घेतो, पण तिथेही दगा आहेच. सॉकेट, म्हणजे प्रोग्रामच्या जोडणीचे टोक, थेट कार्डाला बांधायला 2020 मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल 5.7 पूर्वी रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे हक्क लागत, आणि ते नसले की हा गुपचूप नुसता आयपी बांधून मोकळा होतो, म्हणजे आमच्या जुन्या कर्नलच्या मशीनवर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय फाइल दुसऱ्या लाइनवरून आली तरी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची, विचारणा पहिल्याच लाइनवरून जाते. तिच्यासाठी वेगळा पर्याय आहे, पण कर्ल सी-एरेस ही डीएनएस लायब्ररी घेऊन तयार केलेला नसेल तर तो चालत नाही. फाइलींच्या प्रती जुळवणाऱ्या आरसिंकचा ‘अॅड्रेस’ हा पर्याय केवळ त्याच्या डीमनशी, म्हणजे पलीकडे सतत चालणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामशी, बोलताना लागू होतो. एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून काम असेल तर तो निमूटपणे दुर्लक्षित होतो आणि तीच गोष्ट एसएसएचला निराळी सांगावी लागते. त्यात कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवले की त्याचे नावच बदलते आणि सगळ्या स्क्रिप्ट एका फटक्यात निकामी होतात.

शेवटी मध्यरात्री रूट हक्क असलेल्या सहकाऱ्याला उठवून वेगळे राउटिंग टेबल आणि ते कधी वापरायचे हे सांगणारा ‘आयपी रूल’ टाकून घेतला, तेव्हा कुठे बॅकअप दुसऱ्या लाइनवरून उतरू लागला. एक फाइल कोणत्या लाइनवरून आणायची एवढेच ठरवण्यासाठी साऱ्या सर्व्हरच्या राउटिंगला हात घालावा लागणे मला मुळीच मान्य नाही.