केळीला सोडायच्या शेवाळ-अर्काने झिंगे वाचत नाहीत

“समुद्री शेवाळाचा अर्क म्हणजे नैसर्गिक अँटिबायोटिक. झिंग्याचे सगळे रोग जातात. नैसर्गिक आहे, कितीही टाका. केळीला सोडता तोच अर्क शेततळ्यातही चालतो.” खानदेशात रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत शेततळेवाल्यांच्या मोबाईलवर हा संदेश फिरतोय. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची वाक्यं तळं रिकामं करतील.

जंतूंना (बॅक्टेरियांना) रोखणारी द्रव्यं काही शेवाळांत असतात, हे खरं. सारगॅसमसारख्या तपकिरी शेवाळातलं फुकॉयडन खाद्यातून दिल्यावर झिंग्याची प्रतिकारशक्ती सुधारल्याचे प्रयोगही झालेत. पण ते खाद्यातून आणि रोग येण्याआधी. शेवाळ म्हटलं की जंतू मेलेच, असं नाही. झिंग्यांना आजारी पाडणारे व्हिब्रिओ जंतू प्रयोगशाळेत ज्या अगरवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, वाढवतात, ते अगरसुद्धा ग्रॅसिलारियासारख्या समुद्री शेवाळातूनच काढतात.

“प्रयोगात जंतू मेले,” असंही संदेश पाठवणारे सांगतात. मेले, पण काचेच्या बशीत. तिथे कच्च्या अर्काची मात्रा बऱ्याचदा मिलिलिटरला मिलिग्रॅमच्या घरात असते. आता आपल्या तळ्याचा हिशोब करा. हजार घनमीटर पाणी म्हणजे दहा लाख लिटर. मिलिलिटरला एकच मिलिग्रॅम धरला, तरी एक टन सुका अर्क लागेल! आपण ओततो एक लिटरची बाटली. म्हणजे लिटरभर पाण्यात मिलिलिटरचा हजारावा भाग. व्हिब्रिओला त्याचा पत्ताही लागत नाही.

“सगळे रोग” तर साफ चूक. पांढरे ठिपके विषाणूमुळे येतात. गोड्या पाण्यातल्या झिंग्याच्या पिल्लांची शेपटी पांढरी पडते, तीही विषाणूमुळेच. अँटिबायोटिक तिथे काय करणार? झिंग्याची वाढ खुंटवणारा ईएचपी तर जंतूही नाही, विषाणूही नाही. तो बुरशीच्या कुळातला परजीवी आहे.

“कितीही टाका” हे मला सगळ्यात घातक वाटतं. अर्क सेंद्रिय आहे, म्हणजे तो पाण्यात कुजणार आणि कुजताना ऑक्सिजन खाणार. पहाटे ऑक्सिजन आधीच कमी असतो. आजारी झिंगे त्याच वेळी तळ सोडून काठाला येतात.

आणि केळीची बाटली? पिकासाठीचे बरेच अर्क पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात काढलेले असतात. घडाला आणि मुळांना त्याचा उपयोग होत असेल, त्यावर माझा वाद नाही. पण बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करून पाण्याचा सामू (पीएच) वर गेला, की तळ्यात असलेला अमोनिया जास्त विषारी होतो. लेबलवर मात्रा एकराला किंवा पंपाला लिहिलेली असते, घनमीटर पाण्याला नाही.

झिंगे मरायला लागले की पहिले दोन दिवस मोलाचे असतात. ते बाटल्या ओतण्यात घालवू नका. खाद्य कमी करा, पाण्यात हवा मिसळणारे एरेटर चालू ठेवा, मरणाला टेकलेले पण जिवंत झिंगे पीसीआर तपासणीला (रोगकारकाचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला) पाठवा. मेलेले, कुजलेले पाठवले तर निदान नीट होत नाही.