‘ओई नापास झालं तरी चालतं’ म्हणे!

प्रवेशाचे दिवस आले की व्हॉट्सअॅपवर शिक्षणतज्ज्ञांची आवक लासलगावच्या कांद्यासारखी वाढते. यंदा फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पदवीचा ८० टक्के भाग फालतू विषयांचा आहे. ओपन इलेक्टिव्ह (ओई, म्हणजे मुख्य शाखेबाहेरचा निवडीचा पेपर) धरतच नाहीत, नापास झालं तरी चालतं. बारावीचाच विषय घ्या, फुकट मार्क मिळतील. एक वर्ष करून सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतंच, त्यावर नोकरी लागते. तीन वर्षांची डिग्री बंद झाली. ऑनलाइन कुठलंही सर्टिफिकेट एबीसीत (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिट साठवणारं ऑनलाइन खातं) टाकलं की क्रेडिट जमा.

सोसायटीच्या ग्रुपवरून तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिचा प्रश्न आला, ‘मामा, मग ओईला नाही बसले तर चालेल ना?’ नाही चालणार. का ते लिहितो. क्रम मेसेजचा नाही, नुकसानीचा ठेवतो.

‘एक वर्ष करून सोडा, सर्टिफिकेट मिळतंच.’

सगळ्यात घातक ओळ ही. दिंडोरी, सिन्नर, निफाडकडून एसटीने येणाऱ्या मुलींच्या घरी हा मेसेज गेला की ‘बघ, वर्षभरात कागद मिळतो, कशाला तीन वर्षं हेलपाटे’ असं म्हणायला कुणाला तरी निमित्तच लागतं.

यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डिसेंबर २०२२ चा पदवी अभ्यासक्रम आणि क्रेडिट आराखडा उघडा. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर किमान ४० क्रेडिट मिळालेले हवेत आणि त्यावर उन्हाळी सुट्टीत ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स वेगळा पूर्ण केलेला हवा. मगच यूजी सर्टिफिकेट. म्हणजे ‘मिळतंच’ नाही, मिळवावं लागतं. एटीकेटी असेल तर पुढच्या वर्गात बसता येईल, पण क्रेडिट अपुरे म्हणून हे सर्टिफिकेट नाही. शिवाय सुट्टीत तो ४ क्रेडिटचा कोर्स आपल्या कॉलेजात खरंच चालतो का, हे कुणी विचारतच नाही. चालत नसेल तर सोडून जाणाऱ्याच्या हातात उरतं फक्त गुणपत्रक.

आणि नोकरी? तलाठी भरतीला पदवी लागते. राज्यसेवेला पदवी लागते. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते, तिथे या सर्टिफिकेटची गरजच नाही. वरच्या दाराला ते पुरत नाही, खालच्या दाराला लागत नाही. ज्याला घरच्या अडचणीने शिक्षण थांबवावंच लागतंय त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे, कारण आधी केलेलं वाया जात नाही. ३ वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण ७ वर्षांत पदवी पुरी करता येते. पण ही सोय अडलेल्यासाठी आहे. ती बेत म्हणून विकणं म्हणजे रुग्णवाहिकेला शहर बस समजणं.

‘ओपन इलेक्टिव्ह धरतच नाहीत.’

हे लिहिणाऱ्याने एसजीपीए, म्हणजे सत्राची क्रेडिटनुसार सरासरी, कधी हाताने काढलेला नसणार. काढून दाखवतो. एका सत्रात २२ क्रेडिट धरा. त्यातल्या २० क्रेडिटला सगळीकडे ‘ए’ ग्रेड, म्हणजे ८ गुणांक. २० गुणिले ८, झाले १६०. उरलेला ओईचा पेपर २ क्रेडिटचा. तिथे रडतखडत पास झालात, ‘पी’ ग्रेड, गुणांक ४, म्हणजे ८ मिळाले. १६८ भागिले २२, एसजीपीए ७.६४. त्याच पेपरला ‘ए प्लस’ आणला असता तर १७८ भागिले २२, म्हणजे ८.०९. न धरल्या जाणाऱ्या पेपराने जवळजवळ अर्धा पॉइंट खाल्ला.

नापास झालं तर गंमत अजून पुढे. ते २ क्रेडिट मिळत नाहीत, ते नाहीत तर सत्राचे क्रेडिट पूर्ण नाहीत आणि एकूण क्रेडिट पूर्ण झाल्याशिवाय पदवी नाही. मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, पहिला आलेला विद्यार्थीही दोन क्रेडिटच्या पेपरावर अडकू शकतो. पदवीला क्रेडिट मोजताना हा मेजरचा आणि हा ओईचा असा दुजाभाव नसतो.

‘८० टक्के फालतू विषय.’

पुन्हा तोच आराखडा. तीन वर्षांचे किमान १२० क्रेडिट. त्यात मेजर ६०, मायनर (दुय्यम विषय) २४. आंतरविद्याशाखीय विषय ९, भाषा ८, कौशल्य ९, मूल्यवर्धित ६ ते ८, इंटर्नशिप २ ते ४. मूल्यवर्धितचे वरचे ८ धरले तरी मेजर-मायनर-इंटर्नशिप सोडून बाकी सगळ्याची बेरीज ३४ येते. १२० मधले ३४ म्हणजे २८ टक्के. महाराष्ट्राने नावं आणि आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, पण हे चित्र उलटंपालटं होईल इतके नाही.

एक कबूल करतो, नाइलाजाने. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक बघितलं तर मेजर खरंच कोपऱ्यात बसल्यासारखा दिसतो, कारण तो पुढच्या दोन वर्षांत वाढत जातो. पहिल्या सत्राचा फोटो काढून ‘हीच डिग्री’ म्हणणाऱ्याला तो ८० टक्के वाटला असेल. बियाणं बघून द्राक्षाचा भाव ठरवण्यातला प्रकार आहे.

आता ‘फालतू’ या शब्दाकडे येतो, कारण राग खरा त्याचा आहे. २ क्रेडिट म्हणजे ३० तास, १५ आठवडे, आठवड्याला दोन. एवढ्यात काय होतं? नाशिक शहराच्या कडेला असलेली पांडवलेणी घ्या. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत लेख आहे, ब्राह्मी लिपीत. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ दराने. १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या (पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या) २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी.

बी.कॉम.च्या पोराला हे फळ्यावर मांडायला सांगा. २००० चं महिन्याला २०, वर्षाला २४०. २० भिक्षू गुणिले १२, तेही २४०. हिशेब पै न् पै जुळतो. दुसऱ्या ठेवीचे महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. आज ज्याला कॉर्पस फंड म्हणतात तो सुमारे १९०० वर्षांपूर्वी नाशकात दगडावर कोरलेला आहे, दरासकट. इतिहासाच्या विभागाने वाणिज्यच्या मुलांना हे शिकवलं तर तो ओई झाला. याला टाइमपास म्हणणाऱ्याने एकदा तरी ती पायरी चढावी.

पण इथे मेसेजच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. असा पेपर किती ठिकाणी मिळतो? संलग्न कॉलेजात ओईची यादी विद्यार्थ्याच्या आवडीवर नाही, हजर असलेल्या प्राध्यापकांवर ठरते. ज्या विभागाचा वर्कलोड कमी पडतो त्याच्या पदरात ओई घातला जातो. सगळ्या शाखांची पोरं एकत्र बसायची म्हणून तास सकाळी सातला किंवा दुपारी चारला ढकलला जातो. चारचा तास असला की सायन्सवाले प्रॅक्टिकलमध्ये अडकतात आणि गावाकडचे एसटी चुकेल म्हणून निघून जातात. तासिका तत्त्वावरचा शिक्षक सत्र सुरू होऊन महिनाभराने रुजू झाला की १५ आठवड्यांचे ११ उरतात, ३० तासांचे २२. मग नोट्सचं झेरॉक्स आणि परीक्षा. दोष असा आहे. तो वेळापत्रकाचा आणि भरतीचा आहे, विषयाचा नाही. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मीच फॉरवर्ड केलं असतं.

‘बारावीचाच विषय घ्या.’ बारावीला शिकलेला विषय, ओई ज्यात मोडतो त्या आंतरविद्याशाखीय गटात पुन्हा घेता येत नाही, असं यूजीसीचा आराखडाच म्हणतो. आणि महाराष्ट्रात ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. हा सल्ला ऐकून अर्ज भरला तर पर्याय रद्द होईल आणि तोवर चांगल्या पेपरच्या जागा भरलेल्या असतील.

‘तीन वर्षांची डिग्री बंद.’ बंद नाही. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, मग एम.ए., एम.कॉम. नेहमीसारखं दोन वर्षांचं. चौथं वर्ष ऑनर्ससाठी, आणि संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात.

‘कुठलंही सर्टिफिकेट एबीसीत टाका.’ एबीसीच्या खात्यात विद्यार्थी काहीच टाकू शकत नाही, क्रेडिट संस्था चढवते. ऑनलाइन कोर्स चालतो तो प्रामुख्याने ‘स्वयम’ या सरकारी पोर्टलवरचा, तोही कॉलेजने आधी मान्य केलेला आणि पर्यवेक्षणाखाली परीक्षा दिलेला. त्यालाही सत्रातल्या ४० टक्के कोर्सेसची मर्यादा आहे.

एबीसीबद्दल काळजी करायचीच असेल तर नावाची करा. बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे फक्त आद्याक्षर. खातं डिजिलॉकरमधून आधारवरच्या नावाने उघडतं आणि कॉलेजचा डेटा गुणपत्रकावरून जातो. दोन्ही जुळले नाहीत की क्रेडिट अडकतात आणि ते कळतं तिसऱ्या वर्षी, फॉर्म भरताना. आधारची दुरुस्ती प्रवेशाच्या गर्दीआधी करून घ्या.