उन्हाळ्यात पाच पीएसआय हवा कमी? राजेहो, टायर त्यानंच फुटते

एप्रिल लागला की आपल्या इकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टायरचा मेसेज फिरून राहते, आणि आता गावोगावी ईव्ही आल्या तर त्यात ईव्हीची पण भर पडली. मेसेजात पाच गोष्टी आहेत. उन्हाळ्यात कंपनीनं सांगितल्यापेक्षा पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा कमी ठेवा नाहीतर टायर फुटतो. ईव्ही जड असते म्हणून टायरवर लिहिलेलं मॅक्स प्रेशर भरा. नायट्रोजन मारला की वर्षभर पाहायची गरज नाही. ईव्हीचा पिकअप जास्त म्हणून मोठे रिम अन् स्पोर्ट्स टायर टाका, रेंज, म्हणजे एका चार्जवर गाडी जाते ते अंतर, तेपण वाढते. आणि 'ईव्ही टायर' ही नुसती लूट, त्या साइजचा कोणताही टायर चालतो. पहिली गोष्ट म्हणते हवा काढा, दुसरी म्हणते ठासून भरा, आणि खाली 'जनहितार्थ जारी'. पाठवणाऱ्यानं तरी पूर्ण वाचलं असंन काय, देव जाणे.

पाच पीएसआय कमीवाली गोष्ट पहिले घेतो, कारण जीवावर बेतणारी तीच आहे. लोकांचा हिशेब सरळ असते, ऊन तापलं, हवा फुगली, टायर फाटला. हवा फुगते हे खरं, पण किती फुगते ते कोणी काढून पाहत नाही. समजा सकाळी २५ डिग्रीत ३३ पीएसआय भरली. दुपारी आपलं चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचं ४५ डिग्री धरा, तर तीच हवा ३६ च्या आसपास जाते, म्हणजे वीस डिग्रीला तीन पीएसआय. गाडी पळून पळून आतली हवा ७० डिग्रीला गेली तरी आकडा ४० च्या जवळपास. कारच्या टायरवर मॅक्स म्हणून बहुतेक ४४ किंवा ५१ छापलेलं असते अन् तेही थंड टायरचं. दारापाशी स्टिकरवर असते तो आकडा कंपनीनं ही गरमीची वाढ धरूनच दिला असते. धडधाकट टायर ४० पीएसआयनं फुटत नाही.

मग फुटते कशानं? हवा कमी असली की टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, प्रत्येक चक्करला जास्त दबते अन् परत सरळ होते. बाइंडिंगची तार तोडाले आपण तिला एकाच जागी इकडून तिकडून वाकवतो तेव्हा ती जशी हाताला चटका देते तसंच हे, फक्त इथं रबर आहे आणि मिनिटाला हजाराच्या आसपास वेळा वाकून राहिलं. त्या गरमीनं आतले थर एकमेकाला सोडतात अन् मग जाते टायर. खालून डांबर नाहीतर सिमेंट तापलेलं, गाडीत पाच माणसं, डिक्कीत लग्नाचं सामान, समृद्धी महामार्गावर १२० चा स्पीड, आणि वरून मेसेज वाचून पाच पीएसआय काढलेली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाला, त्याच्यावर तासन्‌तास एका स्पीडनं गाडी चालते, टायरला थंड व्हायला उसंतच भेटत नाही. अशा रस्त्यावर हवा कमी ठेवून जाणं म्हणजे मुद्दाम टायर शिजवणं आहे.

ह्याचाच भाऊ म्हणजे दुपारी टायर गरम असताना मोजणं. ज्यांच्या गाडीत स्क्रीनवर प्रेशर दिसते ते पेट्रोलपंपावर थांबतात, ३८ पाहून घाबरतात, अन् पोराला म्हणतात ३३ कर. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमंदी २८-२९ उरते, आणि हे खुश की आपण काळजी घेतली. मोजायचं ते सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असल्यावर, ऊन चाकावर यायच्या आधी. आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर स्टिकर असते त्यावर आहे, फुल लोडचा वेगळा असला तर तोही तिथंच.

अन् हवा मोजायचा गेज स्वतःचा घ्या बाप्पा. आमच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचा गेज पाहा, काचेला तडा, आत धूळ, आणि पाइप कशालाच लावला नाही तरी काटा चारावर. त्याला विचारलं तर म्हणते, "भाऊ, अंदाज आहे मले, तीस-तीस मारून देतो, टेन्शन नोका घेऊ." त्याचा अंदाज ट्रॅक्टर-मोटरसायकलवर तयार झालेला आहे, माणूस चांगला आहे, पण हा अंदाज ईव्हीच्या कामाचा नाही. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप ठेवला तर अजून बरं, कारण बऱ्याच ईव्हीत आजकाल स्टेपनीच येत नाही, पंक्चर किट देतात, आणि पांदण रस्त्यानं शेतात गाडी नेली की बाभळीचा काटा काही ईव्ही पाहून सोडत नाही.

मॅक्स प्रेशरवाल्या मुद्द्याला जास्त वेळ देत नाही. टायरवरचा आकडा त्या टायरची हद्द आहे, तुमच्या गाडीसाठीचा सल्ला नाही, तोच टायर चार वेगवेगळ्या गाड्यांना बसते. तेवढी भरली तर टायर मधूनच घासते, ब्रेक मारल्यावर पकड कमी, अन् खड्ड्यात गाडी दणके देते. रेंजसाठी कोणी स्टिकरपेक्षा दोनेक पीएसआय वर ठेवत असंन तर त्याच्याशी माझं भांडण नाही.

नायट्रोजनचं तर अजून लहान. आपण श्वास घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. शुद्ध मारला तर ओल नसते, थोडा हळू उतरते, इतकंच. गरमीनं तोही तसाच फुगते अन् काटा घुसला तर तसाच निघून जाते. फुकट भेटला तर घ्या, पण महिन्यातून एकदा मोजणं काही सुटत नाही.

आता स्पोर्ट्स टायर, इथं थोडं निवांत बसून बोलू, कारण ह्यात अर्धं खरं आहे. ईव्हीचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, पाय ठेवल्याबरोबर येते, पुढच्या चाकावर चालणारी गाडी असली तर पावसात चाक जागेवर फिरते, अन् पुढचे टायर मागच्यापेक्षा लवकर घासतात. म्हणजे चांगली ग्रिप पाहिजे, मान्य. पण परफॉर्मन्स टायरची ग्रिप येते मऊ रबरातून, आणि मऊ रबर फिरताना जास्त ताकद खाते अन् जास्त झिजते. जड गाडी, वरून टॉर्क, खाली खरबडीत रस्ता, पैशाचा भुगा होते. रेंज वाढत नाही, कमीच होते.

मग मेसेजवाल्याला रेंज वाढलेली कशी दिसली? माझा अंदाज सांगतो. नेक्सॉन ईव्हीला २१५/६० आर १६ टायर येतात, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ६० टक्के, अन् रिम १६ इंची. हौशी माणूस १७ चे चकचकीत रिम टाकते अन् दुकानदार त्याला २१५/५० आर १७ बसवून देते. ह्या चाकाची उंची ६६४ मिलिमीटरवरून ६४७ वर येते, म्हणजे तेवढ्याच रस्त्यात चाक जास्त वेळा फिरते, आणि मीटर पावणेतीन टक्के जास्त किलोमीटर दाखवते. मीटरवर २५० झाले तेव्हा रस्त्यावर २४३ झाले असतात. रेंज नाही वाढली भाऊ, मीटर खोटं बोलून राहिलं.

आणि ह्याच्यापेक्षा वाईट भानगड त्या साइजच्या पुढच्या आकड्यात आहे, जो कोणीच वाचत नाही. २१५/६० आर १६ वर बहुतेक ९५ लिहिलेलं असते, तो लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ६९० किलो पेलते. २१५/५० आर १७ चा साधा टायर ९१ चा येते, म्हणजे ६१५ किलो. एका चाकामागं ७५, चार चाकांचे ३०० किलो गेले, ते पण बॅटरीनं जड झालेल्या गाडीत. त्याच साइजमंदी एक्सएल लिहिलेला मजबूत टायर ९५ चा भेटते, पण त्याला तेवढं वजन पेलायला हवा जास्त लागते, मग स्टिकरचा आकडा पण चालत नाही, हे दुकानात कोण सांगते? शिवाय साइडवॉल बुटकी झाली, की गावच्या रस्त्यावर खड्ड्यात रिम वाकते नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येते, आणि फुगा आला की टायर गेला, त्याला पंक्चरवाला काहीच करू शकत नाही.

स्पीडचं अक्षर पण पाहून ठेवा, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. कंपनीनं दिलं त्याच्या खाली जाऊ नका, पण त्याच्याही वरच्या डब्ल्यू-वायसाठी ज्यादा पैसे मोजून जायचं कुठं आहे, समृद्धीवरची हद्दच १२० आहे. आपल्याकडं कामाचा टायर म्हणजे कंपनीची साइज, लोड इंडेक्स तेवढा किंवा वरचा, कमी रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे फिरताना कमी ताकद खाणारा, अन् ओल्या रस्त्यावर चांगला थांबणारा टूरिंग टायर.

'कोणताही टायर चालतो' ह्याचं अर्धं उत्तर वरच आलं. ईव्ही असं छापलेलाच टायर पाहिजे असा कायदा नाही, त्या टायरच्या आतला फोम तर फक्त आवाज कमी कराले असते, तो नसला तरी गाडी पळते, आणि तिथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण स्वस्तात भेटला म्हणून तालुक्याच्या दुकानातला पडून असलेला टायर उचलण्याआधी बाजूला लंबगोलात चार आकडे असतात ते वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. शेवटचे दोन आकडे चार-पाच वर्षं मागचे निघाले तर नक्षी कितीही नवी दिसो, रबर म्हातारं झालं आहे, दुकानदाराला तिथंच दाखवा अन् दुसरा काढाले लावा.