बाथ सगळेच बघतात, एकदा ब्लँडफर्ड बघा

इंग्लंडला आलेल्या पाहुण्यांना 'जॉर्जियन' (म्हणजे अठराव्या शतकातल्या जॉर्ज राजांच्या काळातलं) काही दाखवायचं म्हटलं की आम्ही सगळे मुकाट्याने बाथ शहरात नेतो. रॉयल क्रेसेंटसमोरच्या हिरवळीवर फोटो, मग चहा, मग परत. क्रेसेंट सुंदर आहे, वादच नाही. ३० घरं अर्धचंद्रात एकसारखी उभी, आणि मागच्या बाजूला ज्याने त्याने आपापल्या मर्जीने बांधलेलं. पण तिथे मला नेहमी लग्नाच्या हॉलमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. सगळं नटलेलं, पाहुण्यांसाठी.

म्हणून या वेळी आईला डॉर्सेटमधल्या ब्लँडफर्ड फोरमला नेलं. पूल नावाच्या गावाहून बसने. तिथे रेल्वे होती, ती प्रवाशांसाठी १९६६ मध्येच बंद झाली.

या गावाचं रूप आगीने ठरवलं. ४ जून १७३१ ला मेणबत्त्यांसाठी चरबी वितळवणाऱ्याच्या कारखान्यात आग लागली. छपरं गवताची, वर वारा. काही तासांत चर्चसकट जवळजवळ सगळं गाव खाक. भरीत भर म्हणजे गावात तेव्हा देवीची साथ चालू होती. पुढच्या वर्षी पार्लमेंटने गाव परत बांधायचा कायदा केला: भिंती विटांच्या, छपरं कौलांची, रस्ते रुंद. आज आपण ज्याला 'जॉर्जियन डौल' म्हणतो तो इथे निम्माअधिक आगीच्या धसक्यातून आलाय.

आणि बांधलं कोणी? लंडनच्या कुणा बड्या वास्तुविशारदाने नाही. गावातल्याच जॉन आणि विल्यम बास्टर्ड या भावांनी. (हो, आडनाव खरंच तेच. आईला अर्थ सांगितला नाही.) वडिलांचा सुतारकामाचा धंदा, तोच मुलांनी वाढवलेला. मार्केट प्लेसमधल्या त्यांच्या इमारती जवळ जाऊन बघा. लाल विटांमध्ये मधूनमधून निळसर करड्या विटा, भट्टीत जास्त भाजून चकाकी आलेल्या. आणि पूर्वी रेड लायन ही खानावळ होती तिथल्या खांबांचे माथे बघा. आयोनिक, म्हणजे माथ्यावर वेटोळी असलेल्या ग्रीक धाटणीच्या खांबाची वेटोळी बाहेरच्या बाजूला वळतात, शाळेतल्या चित्रात असतात तशी. इथे ती आत वळलीत. हे वळण मुळात रोमकडचं. या भावांना ते कुठेतरी आवडलं आणि त्यांनी उचललं. एखाद्या कडक परीक्षकाने मार्क कापले असते. मला तर पूर्ण बाथपेक्षा ती उलटी वेटोळी जास्त आवडली.

आता चर्च. इंग्रजी चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुलाब्याचं अफगाण चर्च येतं: टोकदार कमानी, उंच मनोरा, आत अंधार. सेंट पीटर अँड सेंट पॉल तसं नाही. १७३९ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च म्हणजे मोठ्या खिडक्यांचा, उजेडाने भरलेला दिवाणखाना. दोन्ही बाजूंना उंच खांबांची रांग. वर मात्र उंच निमुळतं शिखर व्हायचं होतं, पैसे संपले, आणि लाकडी घुमटी बसवून वेळ मारून नेली. ती अजून आहे. खाली एवढं भारदस्त अंग आणि डोक्यावर ही छोटी टोपी, हसूच येतं.

१८९०च्या दशकात इथे एक अचाट काम झालं. वेदीपुढे जागा कमी पडत होती, तर वेदीमागचा अर्धगोल भाग पाडला नाही. अख्खाच्या अख्खा रुळांवरून मागे सरकवला आणि मधल्या फटीत नवं बांधकाम केलं. आज असा प्रस्ताव कुणी मांडला तर जतनवाले अंगावर धावून येतील. माझं मत विचाराल तर, बरं झालं सरकवला. गावाचं चर्च आहे, काचेच्या कपाटातली भावली नाही.

पण पोस्ट लिहायला बसले ती चर्चसाठी नाही, त्याच्या समोरच्या वस्तूसाठी. दगडी खांब, वर त्रिकोणी माथा, देवडीएवढं काहीतरी. मी 'स्मारक' म्हणून फोटो काढत होते. आईने जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर पाणपोई दिसतेय."

जवळजवळ बरोबर होतं तिचं. पंपच आहे तो. जॉन बास्टर्डने १७६० मध्ये, आगीनंतर २९ वर्षांनी उभारलेला. पंपाच्या मागे कोरलेल्या लेखात आगीची तारीख आहे, १४ माणसं दगावल्याचं आहे, राखेतून गाव परत उभं राहिल्याबद्दल देवाचे आभार आहेत, आणि मग कामाचं बोलणं: पुन्हा आग लागली तर पाणी वेळेवर मिळावं म्हणून हे. मेलेल्यांची आठवण आणि पाण्याची सोय एकाच दगडात! इतकं शहाणं स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही. आपल्याकडे काय, इंग्लंडात काय, पुतळे ढिगाने आहेत. ते कधी आग विझवायला आलेत?

लेखाच्या शेवटी जॉनने आपली ओळख दिलीय. वास्तुविशारद नाही, नगराध्यक्ष नाही. त्या सार्वजनिक संकटाचा बराच मोठा वाटेकरी, एवढंच. मी ते आईला दोनतीन प्रकारे मराठीत सांगून बघितलं, जमेना.

"म्हणजे त्याचंही घर जळलं होतं," आई म्हणाली, आणि पंपाच्या पायरीवर बसून तिने डब्यातली पोळीभाजी काढली.