पोलाद कडक आहे, म्हणून सुरी पातळ करायची नाही?

जपानी किंवा पावडर-पोलादाची (पोलादाची पूड दाबून-तापवून बनवलेल्या पोलादाची) सुरी घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. ‘इतकं कडक पोलाद असल्यावर धार वर्षानुवर्षं टिकते. कमी झालीच तर रॉडवर चार हात मारा नाहीतर ओढायच्या शार्पनरमधून काढा. पातं घासून पातळ करायच्या फंदात पडू नका, कारखान्याने दिलेला आकार बिघडतो, पोलाद वाया जातं. आणि असलं पोलाद घरच्या दगडाला दाद देत नाही, मशीनवरच द्या.’ पुण्या-मुंबईतच नाही, तर परदेशातल्या आपल्या मंडळींच्या स्वयंपाकघरांतही हे खरं मानलं जातं. यातलं एकच वाक्य अर्धंमुर्धं बरोबर आहे. बाकीचं पाळलं तर चांगली सुरी दोन-चार वर्षांत निकामी वाटायला लागते, आणि दोष बिचाऱ्या पोलादाला मिळतो.

अर्धं बरोबर काय, ते आधी. कडक पोलादाची धार जास्त टिकते, हे खरंच आहे. नेहमीच्या जर्मन सुऱ्यांचं पोलाद रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५५ ते ५८ च्या आसपास असतं. व्हीजी-१० हे जपानी पोलाद साठ-एकसष्टपर्यंत जातं, एसजी-२ हे पावडर-पोलाद बासष्ट ते चौसष्ट. पण टिकते म्हणजे काय टिकतं? धारेचं अगदी टोक. भाजी कापताना मात्र टोकामागून अख्खं पातं आत शिरत असतं, आणि त्याच्या जाडीबद्दल हा सल्ला चकार शब्द काढत नाही.

हिशोबच करून पाहू. नव्या सुरीची जाडी धारेच्या लगेच वर ०.२ मिमी आहे आणि पात्याच्या दोन बाजूंमध्ये ४ अंशांचा कोन आहे, असं धरा. मग धारेकडून पाठीकडे जाताना दर मिलिमीटरला जाडी साधारण ०.०७ मिमीने वाढते. धार लावता लावता पात्याची ३ मिमी उंची झिजली, की नवी धार जिथे येते तिथली जाडी ०.४ मिमी झालेली असते. दोन्ही वेळा प्रत्येक बाजूने १५ अंशांतच घासलंत, तरी धारेची चकाकती पट्टी आधी ०.४ मिमी रुंद होती, ती आता ०.८ मिमीच्या जवळ जाते. पोलाद तेच, कोन तोच, धारही तितकीच तीक्ष्ण. पण सुरीची पाचर झाली.

म्हणूनच कागद कापून दाखवण्याच्या परीक्षेवर माझा विश्वास नाही. जाड झालेली सुरीही कागद सर्रकन कापते. तिला एक जाडजूड गाजर किंवा रताळं द्या. निम्म्यापर्यंत सुरी जाते, मग अडते, जोर दिला की ‘कट्’ असा आवाज येतो आणि खालचा भाग कापला न जाता फुटतो. चकतीची एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत. अशी सुरी कितीही वेळा धार लावून आणा, गाजर फुटतच राहणार. बोटांनाही हे कळतं. पातं चिमटीत धरून पाठीकडून धारेकडे बोटं हलकेच सरकवा (धारेला स्पर्श न करता). चांगल्या सुरीत जाडी सलग उतरत जाते, जाड झालेल्या सुरीत धारेच्या जरा वर फुगीर खांदा लागतो.

आता ‘पातळ केल्याने मूळ आकार बिघडतो’ हा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच, कारण गोष्ट नेमकी उलटी आहे. आकार बिघडतो तो नुसतीच धार लावत राहिल्याने, पातळ केल्याने तो परत येतो. ओसाकाजवळच्या साकाईत सुऱ्या बनवायची जुनी पद्धत पाहा. पातं ठोकून त्याला पाणी देणारा लोहार वेगळा, आणि ते घासून आकाराला आणणारा धारकरी वेगळा. धारकऱ्याचा बहुतेक वेळ पात्याच्या अंगावर जातो, धार अगदी शेवटी येते. पातळपणा हा त्या सुरीच्या घडणीचाच भाग आहे. कडक पोलाद वापरायचं कारणही तेच: इतकी पातळ आणि लहान कोनाची धार मऊ पोलादात केली तर ती वळते, कडक पोलादात ती उभी राहते. ती जाड होऊ दिली, तर ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गमावला.

पातळ करणं तसं चिकाटीचं काम आहे. २२० किंवा ४०० ग्रिटचा दगड (ग्रिटचा आकडा जितका लहान तितका दगड खरखरीत), भरपूर पाणी, आणि पातं दगडावर जवळजवळ आडवं, पाठ जेमतेम काही मिलिमीटर उचललेली. बोटांचा दाब धारेच्या किंचित वर. आधी तो भाग मार्कर पेनने रंगवून घ्या. दहा-बारा हात मारून पाहा, शाई जिथे पुसली तिथेच दगड लागतोय. फक्त वर पुसली असेल तर पाठ फार खाली गेली, धारेवरच पुसली असेल तर फार उचलली. धारेची जुनी पट्टी बारीक होत होत जेमतेम दिसेनाशी झाली की थांबायचं. मग १००० ग्रिटवर ओरखडे घालवायचे आणि शेवटी नव्याने धार लावायची. बऱ्याच सुऱ्या तीन थरांच्या असतात, मध्ये कडक पोलाद आणि दोन्हीकडे मऊ. घासायचं असतं ते बहुतांशी मऊ थराला. तो थर स्टेनलेस असेल तर दगड लवकर गुळगुळीत पडतो, तो मध्येमध्ये सपाट करून घ्यावा लागतो. दमास्कसची, म्हणजे पात्यावरच्या थरांची लाटांसारखी, नक्षी फिकी होते, हे खरं. पण सुरी कापण्यासाठी घेतली असेल तर नक्षीसाठी गाजर फोडत बसण्यात अर्थ नाही.

रॉड आणि ओढायचा शार्पनर यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. खाचांचा स्टीलचा रॉड मऊ सुरीची वळलेली धार सरळ करण्यासाठी असतो. कडक धार वळण्याऐवजी तुटते, म्हणून तिला त्यावर दाते पडतात. बारीक सिरॅमिक रॉड हलक्या हाताने चालतो. ओढायच्या शार्पनरमधली कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची पाती धार अक्षरशः खरवडतात, आणि खांद्याला तर हातही लावत नाहीत.

‘घरच्या दगडाला दाद देत नाही’ हे शिरोगामी, आओगामी या जपानी कार्बन पोलादांना किंवा व्हीजी-१० ला लागूच नाही, ती साध्या वॉटरस्टोनवर, म्हणजे पाणी घालून वापरायच्या दगडावर, छान घासली जातात. मॅग्नाकटसारख्या पोलादात व्हॅनेडियम सुमारे ४ टक्के असतं. त्याचे कार्बाइड कण नेहमीच्या दगडातल्या अॅल्युमिनाहून कठीण असतात, म्हणून तिथे डायमंड दगड घ्यावा. उपाय एवढा सोपा आहे. मशीनचं म्हणाल तर कोरड्या फिरत्या चाकाला माझा ठाम विरोध आहे. शिरोगामी-आओगामीला पाणी दिल्यावर टेम्पर, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं, साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आत केलेलं असतं. ठिणग्या उडवणाऱ्या चाकावर धारेचा केसाएवढा भाग त्याच्या वर सहज तापतो, रंग बदललेला दिसला नाही तरीही. तिथला कडकपणा गेला की तेवढं पोलाद घासून टाकण्यावाचून इलाज नाही. साकाईचे धारकरीही फिरता दगड वापरतात, पण तो सतत पाण्यात भिजलेला असतो.

पातळ करू नये अशा सुऱ्याही आहेत. नारळ, हाडं, गोठलेलं मटण यांवर चालवायची सुरी जाडच ठेवा, तिथे पातळ कडक धारेचे तुकडे पडतील. भाजीच्या सुरीला मात्र दर काही धारांनंतर थोडंसं पातळ करत राहा. पुरता खांदा तयार होईपर्यंत थांबलात तर तेच काम दगडावर कित्येक तास खातं.