खुलासा : ती इंजिनं कानशीने घासलेली नव्हती

'सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीनं) येण्याआधी मॉडेल विमानांच्या चिमुकल्या इंजिनांचा एकेक भाग कारागीर हाताने घासून बनवत,' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. अमेरिकेतल्या कॉक्स कंपनीचं १९५६ चं 'बेब बी' घ्या. जेमतेम ०.८ सीसी, आणि अशी इंजिनं लाखोंनी निघाली! हे काम स्वयंचलित लेथचं, म्हणजे धातूची सळई फिरवत ठेवून हत्याराने आपोआप कापणाऱ्या मशीनचं. अमेरिकन संशोधक ख्रिस्तोफर स्पेन्सरने १८७३ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. त्यात प्रोग्रॅमच्या जागी कॅम, म्हणजे कडेला चढ-उतार दिलेली चकती. चढ आला की हत्यार पुढे, उतार आला की मागे. सळई सरकते, तयार भाग कापून खाली पडतो. कारागिराचं खरं कसब कॅम आखण्यात आणि मशीन सेट करण्यात होतं. पिस्टन-सिलिंडरचा नेमका मेळ मात्र ग्राइंडिंग (फिरत्या दगडाने घासणं), होनिंग (बारीक घासून गुळगुळीत करणं) करून, मग मापं घेऊन जोड्या लावूनच साधत.